ताप उतरला, तरी नजर तपासावी

तिसगावच्या पेठेत भुसार मालाचे दुकान असलेल्या एका कुटुंबातील ही हकिकत आहे. नातू पाच महिन्यांचा. दोन दिवस ताप होता, बाळ दूध घेईना, सारखे पेंगुळलेले असे. दात येत असतील, असे घरच्यांनी मानले. तिसऱ्या दिवशी फुगलेली टाळू आजीच्या हाताला जाणवली आणि करंजी घाटातून गाडी नगरकडे निघाली. निदान झाले मेनिंजायटिसचे, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या दाहाचे.

मोठे मूल डोके दुखते, उजेड सहन होत नाही, असे सांगू शकते. त्याची मान ताठते. तान्ह्या बाळात मान पुष्कळदा ताठत नाही आणि सांगणे तर दूरच. म्हणूनच लहान वयात निदानास विलंब होतो.

औषधांनी ताप उतरला. बाळ घरी आले, पेढे वाटले गेले. पण चेहरा पाहून हसणारे बाळ आता केवळ आवाजाला हसते, हे आजीने हेरले. नेत्रतज्ज्ञांना डोळे निर्दोष आढळले. दोष होता तो डोळ्यांपासून मेंदूच्या मागील भागापर्यंत जाणाऱ्या वाटेत.

ही वाट व्हीईपी या चाचणीने तपासतात. डोक्याला तारा चिकटवून डोळ्यांपुढे प्रकाश चमकवतात आणि मेंदूत त्याची लहर किती वेळाने उमटते, ते मोजतात. प्रौढांना काळ्या-पांढऱ्या चौकटी दाखवून केलेल्या चाचणीत मुख्य लहर सुमारे १०० मिलिसेकंदांत उमटते. नवजात बाळात तिला बराच अधिक वेळ लागतो, कारण दृष्टीच्या तंतूंवर मायलिनचे आवरण अजून चढत असते. त्यामुळे अहवालातील आकडा त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या आकड्यांशीच ताडावा लागतो. दोन महिन्यांच्या बाळात जो विलंब स्वाभाविक, तोच सहा वर्षांच्या मुलात आजाराची खूण ठरतो. नव्या दुकानाची उलाढाल जुन्या पेढीशी ताडून कोणी निर्णय करीत नाही, तसेच हे.

कोवळ्या वयाला दोन बाजू आहेत. वाट बांधली जात असतानाच तिच्यावर घाव पडतो, ही हानी. परंतु वाढत्या मेंदूत सुधारणेला वाव असतो आणि काही मुलांची नजर महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुधारते, ही आशा. हे बाळ आता दोन वर्षांचे आहे. लाल चेंडूकडे ते हात नेते. दुकानाच्या दारातून येणारे आजोबा मात्र त्याला अजून पावलांच्या आवाजानेच कळतात. आजी रोज त्याच्यासमोर रंगीत वाट्या मांडते.

मेनिंजायटिसमधून उठलेल्या प्रत्येक मुलाची नजर आणि श्रवण तपासून घ्यावे, पुन्हा काही महिन्यांनी तपासावे. बाळाच्या लसी वेळेवर द्याव्यात. ताप उतरला म्हणजे खाते मिटले, असे समजू नये.