दव ओसरेपर्यंत

मोताळा तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेड वसले आहे. १४३७ साली बहामनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखानाला इथेच हरवले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीसाठी पुन्हा इथेच लढाई झाली. १५८२ साली खुदावंदखानाने इथे मशीद बांधली. लढणारे सारे गेले. माती राहिली, आणि दर हिवाळ्यात तिच्यावर पडणारे दव राहिले.

मार्गशीर्षातली सकाळ घ्या. कपाशी फुटलेली असते, घाई असते. पण ओला कापूस वेचला तर तो गाठोड्यात पिवळा पडतो, भाव उतरतो. म्हणून दव ओसरेपर्यंत थांबावेच लागते.

हा वेळ फुकट गेला असे समजू नका. बांधावर बसा. डोंगराच्या कडेने ऊन खाली येते, तुरीवरच्या कोळ्याच्या जाळ्यात थेंब चमकतात. हरभऱ्याचे पान जिभेला लावून पाहा, आंबट लागेल. जुन्या बाया पहाटे हरभऱ्यावर फडके पसरून ही आंब टिपत आणि पोटदुखीसाठी जपून ठेवत.

याने कर्ज फिटत नाही, हे खरेच. पण पाऊस आभाळाच्या हाती, भाव बाजाराच्या हाती. हा अर्धा-पाऊण तास मात्र तुमचा, आणि शेजारी बसलेल्या घरच्या माणसाचा. तेव्हा उद्या कमरेला ओटी बांधण्याआधी, जे आहे त्याला एकदा हात जोडा.