वेष्टनावरचे चित्र

हॅना ग्रेस या इंग्लिश लेखिकेची 'आइसब्रेकर' (2022) ही कादंबरी भाचीने मला वाचायला दिली. बर्फावर स्केटिंग करणारी ॲनास्टेशिया आणि आइस हॉकी संघाचा कप्तान नेथन यांची ही प्रेमकथा. वाचकांत दोन तट आहेत. काहींना खेळ थोडा, शृंगार फार वाटतो. मुखपृष्ठावरच्या गोंडस चित्राला भुलून ती लहान मुलींच्या हाती देऊ नये, हे त्यांचे म्हणणे रास्तच. (पिशवीवरचे चित्र पाहून बियाणे घेणारे आपणही काही कमी नाही!)

पण मला अधिक पटले ते दुसऱ्या तटाचे. जोडीने स्केटिंग करणारा आरन तिचा आहार ठरवून देतो; एवढ्या सरावाला तो अपुरा आहे, हे नेथन तिला दाखवून देतो. दुभत्या गाईचा खुराक आपण चोख जाणतो. खुरपून आलेली लेक मात्र सर्वांमागून जेवते. तेवढा भाग मी घरात सर्वांना मराठीत सांगितला.