दोन घड्याळे

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी फी येते ती दादाच्या पगारातून. तो प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला आहे. त्याचे जहाज मायामीहून मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला जाते आणि तिथेही मायामीचीच वेळ पाळते. मायामीत उन्हाळ्यापुरते काटे तासभर पुढे करतात. कोझुमेलला २०१५ पासून ती पद्धत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात बेटावर चार वाजले, की जहाजावर पाच! खिशातला मोबाईल किनाऱ्यावर उतरताच गुपचूप बेटाची वेळ दाखवू लागतो. त्याच्यावर विसंबणारा धक्क्यावर येतो, तेव्हा जहाज सुटलेले असते. म्हणून दादा साधे मनगटी घड्याळ बांधतो.

आईला नवल वाटले, "एकाच जागी दोन वेळा?" मी सांगितले, देशाची प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आई म्हणाली, "ते असू दे. आपले साडेसहा, म्हणजे दादाचे रात्रीचे नऊ. जेवला असेल ना गं तो?" शाळा न पाहिलेल्या आईला साडेनऊ तासांची वजाबाकी तोंडपाठ आहे.

मित्रमैत्रिणींनो, कॉलेज हा माझा किनारा आहे. इथली वेळ निवांत, हवीहवीशी. खोटी मुळीच नाही. पण मला परत चढायचे आहे ते घराच्या जहाजावर, आणि तिथले घड्याळ तासभर पुढे आहे.