शिमग्यानंतरचा उपसा

होळी पेटली की आमच्याकडे उन्हाळा लागला असे समजतात. पुण्या-मुंबईच्या आमच्या आप्तांना बिदरची हवा थंड म्हणून ठाऊक आहे, आणि सव्वादोन हजार फूट उंचीच्या या पठारावर रात्री वारा बरा सुटतो, हेही खरे. तथापि फाल्गुन सरता सरता नौबादच्या लाल मातीला जे तडे जाऊ लागतात, ते पाहिल्यावर थंड हवेचे कौतुक फार वेळ टिकत नाही. घरोघरी माठ बदलतात, कुरडयांसाठी गहू भिजत पडतात, माळ्यावरचे वाळ्याचे पडदे खाली येतात. ही तयारी कुठल्याही गावात असते. आमच्या गल्लीत मात्र आणखी एक तयारी असे, आणि नौबाद सोडून हैदराबाद-सोलापुराकडे स्थायिक झालेल्या आमच्या जुन्या वाचकांना तिची आठवण नक्कीच असेल. ती म्हणजे आडाचा उपसा.

नळावर वाढलेल्या पिढीसाठी सांगावयास हवे की आड म्हणजे पायऱ्या नसलेली, अरुंद, खोल विहीर. पोहरा सोडून पाणी ओढावयाची. आमचा आड गल्लीच्या तोंडाशी, लिंबाच्या पाराला लागून आहे. त्यावर चौदा घरांचा हक्क होता. त्यांत मराठी होती, कानडी होती, दोन घरे मुसलमानांची होती. आडाजवळची भाषा या तिन्हींची मिळून झालेली असे आणि ती कोणाची, हा प्रश्न आम्हांला १९५६ साली राज्ये बदलली तेव्हाही पडला नाही, असे घरातील वडीलधारी सांगत.

शिमगा झाला की पाडव्याच्या आत एक दिवस ठरे. त्याआधी पारावर बैठक होई आणि आमचे आजोबा वही काढीत. प्रत्येक घरामागे एक माणूस एक दिवस, नाहीतर दोन रुपये आणि उतरणाऱ्या वडार कारागिरांची एका वेळची भाकरी, असा दंडक होता. ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घराकडून फक्त गूळपाणी घ्यावयाचे. पहाटे पाचपासून दोन रहाट लावून पाणी उपसत. तळ दिसू लागला की दोराला बांधून एक पेटता कंदील आत सोडीत. तो विझला तर त्या दिवशी माणूस उतरावयाचा नाही, कारण खाली हवा खराब आहे असा त्याचा अर्थ. कंदील तेवत राहिला की मग वडार मंडळी भिंतीतल्या खाचांवर पाय देत उतरत, आणि घमेल्यांतून गाळ वर येऊ लागे.

आम्हा मुलांचे काम तो गाळ चाळण्याचे. वर्षभर ज्या ज्या घरचा पोहरा तुटला, तांब्या निसटला, त्या सर्वांचा हिशेब त्या दिवशी लागे. एके वर्षी शेजारच्या चाचींची चांदीची अंगठी सापडली. ती पाण्यात पडली नसून कोणी तरी घेतली, असा संशय बरेच महिने गल्लीत वावरत होता. त्या दिवशी चाचींनी शेवयांच्या खिरीचे मोठे पातेले पारावर आणून ठेवले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. संशय कोणावर होता हे आम्हांला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले. असो.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही दहा वर्षांचे होतो. आसपासच्या कित्येक विहिरी कोरड्या पडल्या. आमचा आड आटला नाही, परंतु दिवसभरात तळ गाठी आणि रात्रीतून झऱ्यांनी पुन्हा थोडा भरे. दर घरी दोन घागरी, बाळंतीण असेल तिथे तीन, असे ठरले. आजोबा पारावर खड्यांची रास घेऊन बसत आणि प्रत्येक घागरीला एक खडा बाजूला सारीत. स्वतःच्या घरच्या तिसऱ्या घागरीसाठी आमच्या आईला त्यांनी सर्वांदेखत परत पाठविले, तो प्रसंग आम्ही विसरलेलो नाही. आईही विसरली नव्हती!

आमचाच आड तग धरून का राहिला, याचे उत्तर पायाखालच्या दगडात आहे. जांभा म्हटला की मराठी माणसाला कोकण आठवते. परंतु बिदरचे पठारही जांभ्याचेच आहे. वरचा जांभा सच्छिद्र, स्पंजासारखा. त्याखाली दख्खनचा काळा, घट्ट पाषाण. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, काळ्या दगडावर अडते आणि वाट मिळेल तिकडे सरकत पठाराच्या कडेला फुटते. नरसिंह झऱ्याच्या गुहेत भाविक छातीभर पाण्यातून दर्शनाला जातात ते पाणी, आणि गुरू नानक झिऱ्याचे पाणी, हे याच रचनेचे देणे आहे.

ही रचना ओळखणारे लोक येथे बहमनी काळात आले. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली याने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. (मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी विठू महार ज्या दरबारात धान्याची भरपाई घेऊन आल्याचे आपण कीर्तनात ऐकतो, तो दरबार हाच.) त्या दरबारी इराणातून विद्वान आले, सैनिक आले, व्यापारी आले, गिलान प्रांतातून आलेल्या महमूद गवानाचा १४७२ चा मदरसा आजही उभा आहे. त्यांच्याबरोबर पाण्याची एक विद्याही आली. तिला फारसीत कारेझ अथवा कनात म्हणतात, आमच्याकडे सुरंगबावी. उंचावर एक मूळ विहीर खणावयाची. तिच्या तळापासून अगदी मंद उताराचा बोगदा काढावयाचा. आणि ठरावीक अंतरावर वरून उभे उच्छ्वास पाडावयाचे, ज्यांतून खणताना माती वर येते, हवा आत जाते आणि पुढे लोकांना पाणी ओढता येते. ना मोट, ना इंजिन. पाणी आपल्या उताराने वाहते, उन्हाला दिसतही नाही, त्यामुळे वाफ होऊन जात नाही. नौबादची सुरंगबावी सुमारे तीन किलोमीटर लांबीची असून तिला वीसहून अधिक उच्छ्वास आहेत. मलिक अंबराने औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर काढली आणि बऱ्हाणपुरास कुंडी भंडारा झाला. परंतु ही दोन्ही कामे सतराव्या शतकातील, आमच्या बिदरच्या कारेझांनंतरची.

आमचा आड या बोगद्यास जोडलेला नाही. पण तो पितो तेच जांभ्यातले पाणी. आणि दोहोंचे व्यवहारही सारखेच. कारेझ वर्षावर्षाला साफ केली नाही तर बुजते, आणि ती एकट्याने साफ होत नाही. इराणातील खेड्यांत कनातीच्या पाण्याची पाळी मोजण्यासाठी तळाला बारीक छिद्र असलेले वाडगे पाण्यात तरंगत ठेवीत. ते भरून बुडाले की एकाची पाळी संपली. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला घंगाळात जे घटिकापात्र ठेवीत, तेच हे! इराणच्या अकरा कनातींना २०१६ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. अगदी मराठी मुलखातले उदाहरण हवे असेल तर धुळ्याकडील पांझरेवरची फडपद्धत पाहावी. तेथे पाटकरी आणि जागल्या शेतकरीच नेमीत, पाट साफ करावयास सर्वांनी यावयाचे, न येणाऱ्याला जाब द्यावा लागे.

आता आमच्या घरची गोष्ट.

१९८८ साली आमचे लग्न झाले. आमच्या सौभाग्यवती नळाच्या गावातून आलेल्या. पहिल्याच महिन्यात रहाटाच्या दोराने त्यांच्या तळहाताची साल निघाली. आम्ही नुकतेच नोकरीला लागलो होतो, हातात चार पैसे होते. आम्ही परसात बोअर घेण्याचे ठरविले. पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा धरून परसभर फिरला. एके ठिकाणी नारळ उभा राहिला, तिथे यंत्र लावले. दुसऱ्या दिवशी पाण्याचा फवारा छपरापर्यंत उडाला आणि सारी गल्ली पाहावयास लोटली. पेढे वाटले. गल्लीतली ती पहिली बोअर.

पुढच्या फाल्गुनात आजोबांनी वही काढली. ते घराघरांतून फिरले आणि शेवटी, उगीच रीत म्हणून, आपल्याच सोप्यात येऊन आम्हांला विचारते झाले, “काय रे, रविवारी येणार ना?” आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, “आजोबा, आता आपल्याला आडाचे काय काम?” ते काही बोलले नाहीत. रविवारी आम्ही सौभाग्यवतींसह हुमनाबादजवळ माणिकनगरला दर्शनास गेलो.

त्या वर्षी उपसा झाला. आठ घरे आली होती. पुढच्या वर्षी पाच. एव्हाना आणखी तीन घरांनी बोअर घेतल्या होत्या. १९९२ नंतर वही निघालीच नाही. आजोबा गेले, आडावर फरशी टाकण्यात आली, फरशीवर लग्नाचे मंडप आणि गणपती बसू लागले. एका बोअरने आड आटविला असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. गाळ साचून झरे बुजले हेही तितकेच खरे. परंतु झरे बुजले ते कोणी उतरले नाही म्हणून, आणि उतरले नाही ते कोणाला गरज उरली नाही म्हणून. गरज पहिल्यांदा आमची संपली.

बोअरचे म्हणाल तर ती एकशे ऐंशी फुटांची होती. मग तीनशे केली. गल्लीत अकरा बोअर झाल्या तेव्हा प्रत्येकाने शेजाऱ्याहून खोल जावयाचे, असा खेळच सुरू झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांतली एकही चालेना. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले, त्याची छायाचित्रे देशभर झळकली. लातूर आमच्या अगदी शेजारचे. तिथली सोयरिक नाही असे घर आमच्या गल्लीत क्वचितच सापडेल. आम्ही इकडे टँकरची वाट पाहत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होतो. पासष्ट वर्षांच्या चाची, म्हणजे अंगठीवाल्या चाचींच्या सूनबाई, आमच्यापुढे रांगेत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “दादा, आड असता तर तुमच्या आजोबांनी खडे मोजले असते.” टोमणा नव्हता, त्यांना खरेच तसे वाटले असावे.

त्याच सुमारास सुरंगबावीचे काम चालू होते. केरळातील भूगोलाचे अभ्यासक डॉ. गोविंदनकुट्टी यांनी येथील कारेझांचा माग काढला, बिदरच्या तरुणांनी त्यांना साथ दिली, आणि २०१४-१५ पासून जिल्हा प्रशासनाने नौबादचे बुजलेले उच्छ्वास मोकळे करावयास घेतले. आम्ही एक दिवस पाहावयास गेलो. केरकचऱ्याने भरलेल्या उच्छ्वासातून दोरावर घमेली वर येत होती, आणि खालून पाण्याचा आवाज येत होता. आजूबाजूला लोक छायाचित्रे काढीत होते. आम्ही मात्र घमेली मोजीत उभे राहिलो.

घरी येऊन आजोबांची ट्रंक उघडली. निजामी शाळेत शिकलेले असल्याने त्यांच्या वहीत नावे मराठीत आणि आकडे उर्दूत आहेत. १९८९ चे पान काढले. चौदा घरे, प्रत्येकापुढे त्या दिवशी आलेल्या माणसाचे नाव, नाहीतर दोन रुपये. आमच्या घरापुढे पैसे नव्हते. माणसाचे नाव होते, आणि ते त्यांचे स्वतःचे होते. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आम्ही माणिकनगरचा प्रसाद घेऊन संध्याकाळी परतलो, तेव्हा ते अंगाला तेल चोळून घेत बसले होते, एवढे मात्र आठवते. का, हे त्या दिवशी विचारले नव्हते.

२०१७ च्या शिमग्यानंतर सात घरांनी मिळून फरशी काढली. गाळ काढावयास एक दिवस नव्हे, नऊ दिवस लागले. प्लास्टिक, मूर्ती, एक अख्खी सायकल. नवव्या दिवशी झरा लागला आणि आठवड्यात दीड पुरुष पाणी चढले. ते पिण्यास योग्य नाही असे तपासणीत निघाले; गल्लीतील सांडपाणी जवळून जाते, त्याचा हा परिणाम. पिण्याचे पाणी आम्ही नळाचेच घेतो. धुणे, भांडी, झाडे आणि मेमधले वाईट दिवस आडावर निघतात. चार छपरांचे पावसाळी पाणी वाळूच्या गाळणीतून आडात सोडले आहे, आणि जांभा ते असे काही पिऊन घेतो की पाहत राहावे. बोअर अजूनही सहा चालू आहेत, त्यांत आमचीही आहे. ती बंद करण्याचा विषय घरात निघाला की सौभाग्यवती आपला तळहात पुढे करतात आणि विषय संपतो.

सगळे गोडीगुलाबीने चालते असेही नाही. जी घरे पैसे देतात त्यांना माणूस का हवा हे कळत नाही. जी माणूस देतात त्यांना पैसे देणाऱ्यांचा राग येतो. मागील वर्षी एका नव्या भाडेकरूने आम्हांला वर्गणीवाले समजून दारातूनच परत पाठविले. आमचाही आवाज त्यावर चढला, जो चढावयास नको होता. यंदा निरोप मोबाइलवर गेला, पण चौदांपैकी नऊ घरे पारावर आली ती दारोदार फिरल्यावरच. वहीत यंदाचे पान आम्ही आखले आहे. आकडे मात्र मराठीत.

उपसा उद्याचा आहे. नवा दोर आणला, घमेली मागितली, वडार मंडळींना निरोप गेला; आता उतरताना कमरेला पट्टा बांधण्याची अट आम्ही घातली आहे. चाचींकडे शेवया भाजल्याचा वास सकाळपासून येतो आहे. कंदिलाची काच तेवढी तडकलेली निघाली. तशी काच आता कोणत्या दुकानात मिळते, याची चौकशी करावयास हे लिखाण इथेच ठेवून आम्ही बाजारात निघालो आहोत.