चार दिवसांचे चार अमीर

नेतृत्व म्हटले की आपल्याकडे दोनच चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक, माईक हातात घेऊन भाषण करणारा. दुसरा, ट्रस्टच्या निवडणुकीत पॅनेल उभे करणारा. शाळेतही फार वेगळे नाही. मॉनिटर म्हणजे दंगा करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा, एवढाच मुलांचा समज. आठ-दहा वर्षे हेच पाहिल्यावर आम्ही तिघा शिक्षकांनी ठरवले की नववीच्या मुलांना वर्गाबाहेर, जिथे फळाही नाही आणि शिपाईही नाही, अशा ठिकाणी चार दिवस न्यायचे.

ही कल्पना आमची नव्हे. ब्रिटनमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अ‍ॅबरडोव्ही येथे 1941 साली कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या प्रेरणेने ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा निघाली. मुलांना समुद्राची आणि डोंगराची ओळख करून देत घडवायचे, हा तिचा विचार. पुढे 1965 साली अमेरिकेतील वायोमिंग राज्यात पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ सुरू केले. तिथे निर्मनुष्य डोंगररानात नेलेल्या गटाचा नेता ठरावीक दिवशी विद्यार्थ्यांपैकीच एक जण असतो आणि ती जबाबदारी आळीपाळीने फिरते. हे वाचले तेव्हा आम्हांला आपलीच एक हदीस आठवली. तिघे जण प्रवासाला निघाले तर त्यांनी आपल्यातील एकाला अमीर करावे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण ‘सुनन अबू दाऊद’मध्ये आली आहे. लक्षात घ्या, लष्कराची किंवा राज्याची गोष्ट नाही. साधे तीन प्रवासी! तरीही अमीर हवा. आम्ही मुलांना ‘लीडर’ हा शब्द दिलाच नाही, ‘अमीर’ हाच दिला.

मार्ग ठरला तो अकोले तालुक्यातला. रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, तिथून पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. खिंडीच्या आसपास दाट रान, मोबाइलला रेंज नाही, मध्ये दुकान नाही. बावीस मुले, त्यांत नऊ मुली, आम्ही तिघे, आणि वाट दाखवायला तिथल्याच गावचे एक महादेव कोळी मामा.

मुलींच्या बाबतीत घरोघरी प्रश्न निघाले. ‘मुलींना डोंगरात कशाला?’ प्रश्न काळजीचे होते, त्यांना हसण्यावारी नेण्यात अर्थ नव्हता. शेवटी दोन माता स्वतःच बरोबर यायला तयार झाल्या आणि मार्ग निघाला. त्यांतल्या एकीचे माहेर कोकणातले, लहानपण डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढण चढण्यात गेलेले. चारही दिवस ती फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या पुढे चालत होती, आणि तीही चपलेवर!

पहिल्या दिवसाचा अमीर मुलांनीच निवडला. अर्थातच वर्गातला सर्वांत हुशार. रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर त्याने एकेकाला शांतपणे चढवले, वरच्या नेढ्यातून वारा खाऊन सगळे वेळेवर खाली आले. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

दुसऱ्या दिवशी फुटबॉल संघाचा कप्तान अमीर होता. पोरगा धडधाकट, आवाज खणखणीत. ‘चलो, चलो’ करीत तो मामांच्या मागोमाग निघाला आणि त्याच्याबरोबर त्याचे पाच-सहा दोस्त. कात्राबाईच्या खिंडीत पोहोचल्यावर त्याने गिनती घेतली. बावीसमधले सात कमी! सर्वांत मागे आमचे एक सर होते, त्यामुळे कोणी हरवलेले नव्हते हे आम्हांला ठाऊक होते. पण आम्ही ते सांगितले नाही. तो खाली धावत गेला. एका मुलाच्या बुटाचा तळ पूर्ण उखडला होता, दोघी मुलींनी आपल्या ओढणीच्या पट्टीने तो बांधला होता आणि ते सगळे हळूहळू वर येत होते. चढण, त्यात प्यायचे पाणी जेमतेम. अमीरसाहेबांचा चेहरा पडला.

दुपारच्या नमाजनंतर खिंडीतच बसून आम्ही बोललो. प्रवासात कसर कशी, वुजूला पाणी अपुरे असेल तर तयम्मुम कसा, हे निघण्यापूर्वीच आलिमसाहेबांकडून समजून घेतले होते. किबला मुलांनी होकायंत्रावर काढला होता, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला. बोलणे झाले ते दोन गोष्टींवर. हजरत उस्मान बिन अबुल आस (रजि.) यांना त्यांच्या लोकांचे इमाम नेमताना प्रेषितांनी (स.) सांगितले होते की जमातीतल्या सर्वांत अशक्त माणसाचा विचार करून नमाज पढव. आणि हजरत जाबिर (रजि.) यांचे कथन असे की प्रवासात प्रेषित (स.) मागे राहत, थकलेल्याला पुढे आणत, कुणाला आपल्या मागे स्वारीवर घेत. ही दुसरी हदीस ऐकल्यावर कप्तान काही बोलला नाही. उठला, बूट उखडलेल्या मुलाची सॅक आपल्या पोटावर अडकवली आणि कुमशेतपर्यंत सर्वांच्या मागून चालला. गिर्यारोहणात शेवटी चालणाऱ्याचे काम अनुभवी माणसाकडेच देतात, हे त्याला नंतर मामांनी सांगितले.

तिसऱ्या दिवशी चिठ्ठी निघाली ती एका मुलीची. वर्गात ती प्रश्न विचारल्याशिवाय बोलत नाही. तिला अमीरपणापेक्षा मोठी भीती दुसरीच होती. ‘सर, मामा से मराठी में बोलना पड़ेगा?’ उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणाऱ्यांना हे दुखणे चांगले माहीत आहे. मुले मराठीचा पेपर लिहितात, गुणही मिळवतात, पण बाजारात, एस.टी.त, कचेरीत तोंड उघडत नाहीत. आम्ही तिला हिजरतचा प्रसंग सांगितला. मक्केहून निघताना प्रेषित (स.) आणि हजरत अबू बकर (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकितला मोबदला ठरवून घेतले होते. तो त्या वेळी मुसलमान नव्हता. दोघांच्या उंटिणी त्याच्या हवाली केल्या, तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी भेटायचे ठरले आणि मग त्याने किनाऱ्याकडच्या अनोळखी वाटेने त्यांना मदीनेकडे नेले. वाटेचे ज्ञान ज्याच्याकडे, त्याला विचारायचे. त्यासाठी त्याच्या भाषेत बोलता आले पाहिजे, एवढेच.

ती बोलली. अडखळत, लिंगाच्या चुका करीत, पण दिवसभर मामांच्या शेजारी चालत बोलत राहिली. कोणता ओढा डिसेंबरात वाहतो, कारवीचा उपयोग काय, गावात दवाखाना किती लांब. मामाही खुलले.

पाचनईला पोहोचेपर्यंत चार वाजून गेले. सकाळी एकाचे पोट बिघडल्याने निघायलाच उशीर झाला होता. बेत असा की त्याच संध्याकाळी गडावर जाऊन कोकणकड्यावरून सूर्यास्त पाहायचा. कोकणकडा म्हणजे कोकणाकडे सरळ तुटलेली, आत वळलेली प्रचंड कातळभिंत. मुले दोन महिने त्याचीच चित्रे पाहत होती. ही सहल म्हणजे त्यांच्या लेखी तो सूर्यास्तच.

तिने मामांना विचारले, ‘मामा, अंधार पडायच्या आधी सगळे वर पोहोचतील का?’

‘पुढची पोरं पोचतील,’ मामा म्हणाले. ‘मागच्यांचं सांगता येत नाही. कड्याखालची वाट अरुंद हाये, नवख्या माणसानं रातीची जाऊ नये.’

तिने सगळ्यांना बसवून मश्वरा घेतला. बहुतेक मुलगे म्हणाले, जाऊ या, टॉर्च आहेत. काहींनी सुचवले, जे दमलेत ते खाली राहू देत. आमचे एक सर बोलायला पुढे झाले होते, दुसऱ्यांनी त्यांचा हात धरला. त्या दोन-तीन मिनिटांत गप्प बसणे हे आमच्या नोकरीतले सर्वांत अवघड काम होते, असे म्हटले तरी चालेल. शेवटी ती म्हणाली, ‘रात्री इथेच थांबायचे. सकाळी नाश्ता करून सगळे एकदम वर जाऊ. गट फोडायचा नाही.’

मुले चिडली. एकाने तर तिला ऐकू जाईल असे ‘डरपोक’ म्हटले. ती रडली नाही, निर्णयही बदलला नाही. मुली आणि दोन्ही माता एका घरात, मुलगे दुसऱ्या घराच्या पडवीत अशी सोय गावकऱ्यांनी केली. पिठले-भाकरी आली. तिने सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी घेतले. हे आम्ही शिकवलेले नव्हते. रात्री फुटबॉलच्या कप्तानाने ‘डरपोक’ म्हणणाऱ्याला पडवीच्या कोपऱ्यात नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितले. काय सांगितले, ते आम्ही विचारले नाही.

सकाळी त्या अरुंद वाटेवर, डोक्यावर झुकलेल्या कातळाखालून जाताना मुलांनी उजव्या हाताची दरी पाहिली आणि आवाज आपोआप खाली आले. चौथ्या दिवसाचा अमीर होता तो बूट उखडलेला मुलगा. त्याने कड्याच्या कडेला चौघा-चौघांनाच, मामांच्या देखरेखीखाली, पालथे झोपून डोकावू दिले. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून असल्याने सकाळी सावलीत असतो. खाली धुके होते. सूर्यास्त कुणालाच पाहायला मिळाला नाही, आणि त्याची हळहळ काही जण अजून व्यक्त करतात. ती रास्तच आहे.

परतल्यावर त्या मुलीच्या वडिलांनी एवढेच विचारले, ‘आमची पोरगी मराठीत बोलत होती म्हणे?’ परवा वीजबिलाची चूक दुरुस्त करायला ते तिलाच बरोबर घेऊन गेले होते.

यंदाही डिसेंबरात जायचे आहे. पाचनईला दुपारी बाराच्या आत पोहोचता येईल असा बेत आखण्याचे काम गेल्या वर्षीच्या चारही अमिरांकडे दिले आहे. सामानाच्या यादीत त्यांनी सर्वांत वर बूट चिकटवायचा गोंद आणि नायलॉनची दोरी लिहिली आहे. नावे नोंदवणे सुरू झाले तेव्हा पहिली दोन नावे त्या दोन मातांची होती.