अष्टापदाच्या वाटेवर अंगालगतचे वस्त्र

प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी श्वेतांबर परंपरा अष्टापद या नावाने वंदिते, तर दिगंबर परंपरा कैलास या नावाने. त्यामुळे तिबेटमधील कैलास पर्वताची परिक्रमा जैन यात्रिकासाठी केवळ गिरिभ्रमण राहत नाही. पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये भारतातून शासकीय यात्रा पुन्हा सुरू झाली आणि अनेक कुटुंबांत तयारीची चर्चा होऊ लागली. या तयारीत औषधे व सुका खाऊ यांचा विचार बारकाईने होतो. अंगाला चिकटून राहणाऱ्या पहिल्या वस्त्राचा मात्र क्वचितच.

परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची असून ती सामान्यतः तीन दिवसांत पूर्ण होते. दारचेनपासून पहिला मुक्काम दिरापुक. दुसऱ्या दिवशी सुमारे ५,६३० मीटर उंचीची डोल्मा-ला खिंड ओलांडून झुथुलपुक. तिसऱ्या दिवशी परत दारचेन. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो. चढताना दम लागतो, थंडीतही घाम येतो. माथ्यावर क्षणभर थांबावे तो वारा अंगाला झोंबतो. घामाने भिजलेले वस्त्र त्या वाऱ्यात शरीराची ऊब झपाट्याने हिरावून घेते.

म्हणून घरातील रोजचे सुती बनियन येथे सर्वांत धोक्याचे. सूत घाम शोषून घेते, पण लवकर वाळत नाही. पूजेची शुभ्र सुती वस्त्रे मानससरोवराकाठच्या मुक्कामासाठी पिशवीत जपून ठेवावीत. चालताना अंगालगत सूत नको.

लोकरीचा गुण वेगळा. तिचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश बाष्प पोटात घेऊनही स्पर्शाला ओला वाटत नाही, आणि ते बाष्प शोषताना थोडी ऊब देतो. तिला दुर्गंधीही लवकर येत नाही. जेथे स्नान दुर्मीळ, तेथे ही मोठी सोय. मात्र अंगालगतची लोकर तलम हवी. साधारण १९ मायक्रॉनपर्यंतचा मेरिनो तंतू टोचत नाही; तीस मायक्रॉनच्या पुढचा खाजतो. चालण्यासाठी १५० ते २०० जीएसएमचे कापड, रात्रीसाठी २५० च्या आसपासचे. दोन सदरे व दोन विजारी पुरतात. माप अंगासरशी असावे, सैल नव्हे.

येथवर हिशेब मालाचा झाला. आपल्या दृष्टीने खरा प्रश्न पुढे आहे: ही लोकर आली कशी?

लोकर आपल्या परंपरेला परकी नाही. श्वेतांबर साधु-साध्वींचे रजोहरण लोकरीचे असते, अंगावरची कांबळीही. दिगंबर मुनींची पिच्छी मोराने आपोआप गाळलेल्या पिसांची. जीवाकडून काही घ्यायचे तर त्याला पीडा न देता, हा त्यामागचा दंडक. मेरिनोच्या बाबतीत हा दंडक सहज मोडतो. ऑस्ट्रेलियात माश्यांच्या अळ्यांपासून बचाव म्हणून कोकरांच्या शेपटीभोवतीची कातडी कापून काढण्याची पद्धत आहे. तिला म्यूलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने २०१८ मध्ये ती बंद केली. तेव्हा केवळ ‘मेरिनो’ एवढ्या लेबलावर समाधान मानू नये. तो शब्द मेंढीची जात सांगतो, तिचे हाल सांगत नाही. वूलमार्कचे चिन्हही लोकरीच्या शुद्धतेचे व प्रतीचे असते. ‘रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्ड’ हे प्रमाणपत्र म्यूलसिंगला मनाई करते. माल कोठून आला, कोणी दिला, हे विचारण्याची सवय व्यापारी घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तोच प्रश्न दुकानात निःसंकोच विचारावा. उत्तर न मिळाल्यास माल परत ठेवावा.

तरीही एक सत्य उरते. प्रमाणित कळपातील मेंढीही म्हातारपणी बहुधा कसायाकडेच जाते. ज्यांच्या मनाला हे पटत नाही, त्यांनी पॉलिएस्टरचे थर्मल निःशंक घ्यावे. ते लोकरीहून लवकर वाळते, स्वस्तही पडते. दुर्गंधी लवकर धरते आणि धुताना प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात सोडते, एवढे त्याचे उणे. रेशमी आतील वस्त्रे मात्र टाळावीत, कारण सामान्य रेशमासाठी कोशातील जीव मारला जातो. पिसे भरलेल्या जाकिटाऐवजी कृत्रिम भरणाचे जाकीट, कातडी बुटांऐवजी कापडी-रबरी बूट हे पर्याय आता सहज मिळतात.

घेतलेली लोकर पुष्कळ वर्षे टिकवणे हीही जयणाच. ती थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, न पिळता आडवी पसरून वाळवावी. घामाचे व अन्नाचे डाग तसेच ठेवून कपाटात टाकली की कसर लागते. मग अळ्या मारण्याची वेळ येते. स्वच्छ, कोरडी करून घट्ट बंद पिशवीत ठेवली तर तो प्रसंगच येत नाही. एका यात्रेसाठी घेतलेली वस्त्रे घरातील पुढच्या यात्रिकाला द्यावीत. नवी खरेदी टळली, तर तेवढा परिग्रहही टळला.

ज्या प्रभूंनी सर्व परिग्रह सोडून त्या पर्वतावर देह ठेवला, त्यांच्या वंदनाला जाताना ओझे थोडे असावे, आणि जे असेल ते कोणाच्या वेदनेतून आलेले नसावे.