तंजावरला मुक्काम किती?

मैत्रिणींनो, सहलीचं ठरायला लागलं की घरात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पुरुषमंडळी नकाशा पुढे घेऊन बसतात. "हे गाव एका दिवसात होतं," "ते जाता जाता उरकू," असे हिशेब चालतात. आपण चहाच्या कपबशा उचलत ऐकतो आणि "ठरवा तुम्हीच" म्हणून मोकळ्या होतो. मीही वर्षानुवर्षं तेच करत आले. मला शहाणं केलं ते तंजावरनं.

पहिल्यांदा गेलो ते एका प्रवासी कंपनीबरोबर. नऊ दिवसांत सात गावं! बरोबर सासूबाई. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे. रामेश्वराची ओढ त्यांना होतीच, पण मनात खरं होतं तंजावर. त्यांचे वडील शाळामास्तर. दूर तमिळ मुलखात एका देवळाच्या भिंतीवर आपली मराठी अक्षरं कोरलेली आहेत, असं त्यांनी लेकीला लहानपणी सांगितलेलं. ती एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढंच सासूबाईंचं मागणं.

आमची बस पोहोचली तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. गाभारा बंद, चारला उघडणार. आवारात अनवाणी जायचं आणि फरसबंदी तर तव्यासारखी तापलेली. सासूबाई चार पावलं गेल्या आणि परत सावलीला येऊन टेकल्या. "देव विसावलाय, आणि आपली धावपळ चाललीय," एवढंच म्हणाल्या. तासाभरात बस निघालीसुद्धा. तक्रार त्यांनी केली नाही. पण गाडीत हलकेच म्हणाल्या, "आता पुन्हा कुठलं येणं होतंय!" ते वाक्य मला टोचत राहिलं.

दोन वर्षांनी मीच विषय काढला. तंजावर, तीन रात्री. हे चकित झाले. "पाहिलेलं गाव पुन्हा? आणि तीन दिवस करायचं काय तिथे?"

मी वही काढली. पाहुणे किती ते बघून आपण तांदूळ मोजतो ना, तसाच हिशेब मांडला. तीन रात्री म्हणजे हाती पूर्ण दिवस दोनच. पोहोचण्याचा अर्धा आणि निघण्याचा अर्धा प्रवासातच जातो. शिवाय तिथली दुपार वजा करायची. उरतात त्या सकाळी आणि संध्याकाळी. म्हणून 'ठिकाणं किती' हे विचारूच नये. 'सकाळी किती, संध्याकाळी किती' हे विचारावं. आणि चाल धरायची ती घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाची.

आणखी एक सांगू? रोज नवं गाव म्हणजे रोज नवी खोली, आणि रोज सामान भरायचं कुणी? आपणच! एका जागी तीन रात्री राहिलं की बॅग एकदाच उघडते, धुतलेले कपडे दोरीवर नीट वाळतात. ही सोय नकाशात दिसत नाही.

गेलो. त्रिचीपर्यंत येऊन पुढे साठेक किलोमीटर. पहिल्या संध्याकाळी नुसते देवळात जाऊन बसलो. राजराज चोळानं बांधवलेलं हे बृहदीश्वराचं मंदिर १०१० साली पुरं झालं. शिखर दोनशे फुटांहून उंच. याची सावली जमिनीवर पडतच नाही, असं मागच्या खेपेला घाईघाईत ऐकवलं गेलं होतं आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. या खेपेला सूर्य कलला तशी भली लांबरुंद सावली आवारात पसरली. त्याच सावलीत गावातल्या बायका मुलांना घेऊन बसल्या होत्या. हे हसले. म्हणाले, "दुपारी येऊन पळणाऱ्याला सावली दिसायची कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच गेलो. दगड गार होता. थांबत, टेकत आवाराच्या भिंतीपाशी पोहोचलो. १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास तिथे मराठीत कोरवून घेतलाय. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तिथे गेले, त्यानंतर १८५५ पर्यंत ते राज्य टिकलं. सासूबाईंनी चष्मा पुसला. भाषा जुनी, ओळी संपता संपेनात. पण एकेक शब्द लावत त्या म्हणाल्या, "अगं, कळतंय की मला!" आणि अर्धा तास हलल्या नाहीत. घाई करणारं कुणी नव्हतं. मी त्यांच्याजवळ नुसती उभी राहिले.

दुपारी झोप. संध्याकाळी राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय. सरफोजीराजांना ग्रंथांचा केवढा नाद! डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी, चित्रंसुद्धा त्यांनी करवून ठेवली. तिसऱ्या दिवशी गाडी करून दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर पाहिलं. बृहदीश्वराहून लहान, पण कोरीवकाम असं, की जणू दगडावर भरतकाम केलंय. कुंभकोणमला थांबून पितळी वाटी-पेल्यातली कॉफी घेतली. गंगैकोंडचोळपुरम राहिलं. राहू दे! सगळं उरकलंच पाहिजे असा नेम थोडाच आहे?

खर्च म्हणाल, तर मागच्या सात गावांपेक्षा कमीच आला. गाडीभाडं वाचलं, आणि कोणी आजारीही पडलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी घरात नकाशा उघडला की कपबशा जरा बाजूला ठेवा आणि तुम्हीही बसा. आपलं म्हणणं वहीत मांडून दाखवा. आकड्यांपुढे कुणाचं फारसं चालत नाही, हा माझा अनुभव.

आमच्या सासूबाईंना आता सवयच लागलीय. शेजारचं कुणी प्रवासाहून आलं आणि "अमकं गाव पाहिलं" म्हणालं, की त्या चष्म्यावरून बघत विचारतात, "पाहिलंत खरं, पण मुक्काम किती केलात?"